टॉनिकच्या डब्याआधी अंगणवाडी



"डॉक्टर, बाळाचं वजन वाढत नाही. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या." ओपीडीत हे मी नेहमी ऐकतो. मी विचारतो, "अंगणवाडीचा आहार मिळतो का?" उत्तर येतं, "मिळतो, पण चव नाही. घरात कुणी खात नाही." काही घरांत ते पाकीट म्हशीच्या घमेल्यात जातं आणि बाळासाठी महागडा डबा उधारीवर येतो. माझ्या मते हा उलटा हिशेब आहे.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार तुमचा हक्क झाला. गरोदर बाई, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतची आई आणि सहा महिने ते सहा वर्षांचं मूल, या सर्वांना तो मिळतो. रेशनकार्डाचा रंग विचारला जात नाही. आपल्या जिल्ह्यातल्या अकोल्याच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवणही मिळतं.

आता हिशेब बघा. एक-दोन वर्षांच्या बाळाला दिवसाला साधारण १००० कॅलरी लागतात. अंगणवाडीच्या आहारातून यातला मोठा वाटा आणि प्रथिनंही मिळावीत, असा नियम आहे.  कुठलंही टॉनिक हे करू शकत नाही. उरलेली गरज घरच्या जेवणातूनच भागवायची.

दोन चुका टाळा. पहिली, पाकीट घरातल्या सगळ्यांनी वाटून खाणं. आई आणि बाळाचा वाटा त्यांनाच द्या. औषधाची गोळी आपण वाटून घेतो का? दुसरी, चव नाही म्हणून टाकून देणं. चवीची तक्रार खोटी नाही, ती पर्यवेक्षिकेकडे जरूर करा. पण तोवर घट्ट शिजवून त्यात चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचा बारीक कूट, थोडा गूळ घाला. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मात्र फक्त आईचं दूध.

मला खरी काळजी वाटते ती पाथर्डी, शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांची. दिवाळीनंतर बिऱ्हाड कोपीवर जातं, बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीत राहतं. वाढीच्या ऐन वयातले पाच-सहा महिने आहाराविना जातात. निघण्याआधी सेविकाताईंना सांगा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. कारखान्याजवळच्या अंगणवाडीत नाव लावून घ्या. पोषण ट्रॅकरमध्ये तशी सोय आहे. पण पहाटे फडात जाणाऱ्या आईनेच सगळं करावं, ही अपेक्षा मला पटत नाही. मुकादमाकडे मजुरांची यादी असते, तशी कोपीवरच्या मुलांची यादी तिथल्या अंगणवाडीकडे पहिल्याच आठवड्यात तयार व्हायला हवी.

सेविकाताई बाळाच्या दंडाला पट्टी लावून माप घेतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर थांबू नका. लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा.

पुढच्या वेळी टॉनिक मागायला याल, तेव्हा अंगणवाडीचं पाकीट सोबत आणा. ते कसं शिजवायचं आणि किती द्यायचं, हे मी आनंदाने सांगेन.