आमचा गुन्हा काय ते सांगा

ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या सरकारी इस्पितळात चोवीस तासांत २४ माणसं मेली. त्यातली १२ नवजात पोरं. औषधं का नाहीत, माणसं कमी का, ह्याचा जाब विचारायला हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील गेले. आणि करून काय आले? प्रभारी अधिष्ठात्याच्या हातात झाडू देऊन संडास साफ करून घेतला. अधिष्ठाता आदिवासी. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला.

दोस्तांनो, अपमान झाला, शंभर टक्के झाला. पण मला त्यातला दुसरा काटा सलतो. खासदाराला शिक्षा सुचली ती कोणती? संडास. म्हणजे ह्यांच्या डोक्यात संडास साफ करणं हे काम नाहीच, दंड आहे. मग जी माणसं हा दंड तीन पाळ्यांत रोज भोगतात त्यांनी कुठला गुन्हा केलाय? कुणाचं पोर मारलंय?

मी त्यातलाच एक. पुण्यातल्या एका सार्वजनिक दवाखान्यात ठेक्यावर आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या गेटवरच हजेरी कापतील. रक्ताचे बोळे, कापलेला पाय, वार, सगळं पिवळ्या पिशवीत भरून न्यायचं. नियमात हातमोजे आहेत, गमबूट आहेत, लस आहे. ठेकेदाराकडे फक्त नियम आहे. पगार कधी होईल ते त्यालाच ठाऊक. कायम कधी होणार विचारलं की म्हणतो, तुझ्यासारखे पन्नास उभेत दारात. खरंच उभेत. सगळे आपल्याच वस्तीतले.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो भाकरीचा हक्क आहे, सोडायचा नाही. पण नीट बघा. राखीव जागा म्हटलं की मेरिट मेरिट म्हणून छाती पिटणाऱ्यांनी ह्या वारसाहक्काविरुद्ध कधी बोंब मारली? झाडूला मेरिट लागत नाही. झाडू बापाकडून पोराकडे गेला की ह्यांचा धर्म सुखरूप राहतो. आता तर ठेका आला. ठेक्याला वारस नाही, पेन्शन नाही. जात तेवढी कायम, नोकरी तात्पुरती!

आता दाराच्या दुसऱ्या बाजूला या. केसपेपरच्या रांगेत पहाटेपासून कोण बसतं? ताडीवाला रोडचा, जनता वसाहतीचा, दांडेकर पुलाचा माणूस. म्हणजे पुन्हा आपणच. माझी मावशी साखरेने चिघळलेला पाय घेऊन मी राबतो त्याच दवाखान्यात आली. डॉक्टरने चिठ्ठी दिली, बाहेरून आणा. मलमपट्टीचा कापूससुद्धा बाहेरून. तिसऱ्या दिवशी बेड रिकामा करा म्हणाले.

बेड नसतो का? असतो. ससूनच्या १६ नंबरच्या कैदी वॉर्डात ड्रग्जच्या खटल्यातला एक आरोपी महिनोन्महिने बेड धरून होता, २ ऑक्टोबर २०२३ ला तिथून पळाला. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मोटारीने दोघांना चिरडलं, तेव्हा श्रीमंताच्या पोराचं रक्त बदलल्याच्या आरोपाखाली ससूनचे दोन डॉक्टर आणि एक शिपाई अटकेत गेले. आपल्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट आठवडाभर सापडत नाही, आणि त्यांच्यासाठी रक्तच बदलतं, असा हा आरोप आहे!

आणि आपण काय करतो? पेशंट दगावला की नातेवाईक धरतो कुणाला? समोर दिसणाऱ्या मामाला, मावशीला, सिस्टरला. दिवसभर शिव्या खाल्लेली मावशी मग खेकसते कुणावर? लुगड्याच्या पदरात केसपेपर बांधून आलेल्या म्हातारीवर. महार मांगाला मारतो, मांग मेहतराला हिणवतो, आणि औषधाची खरेदी अडवणारा मंत्रालयात एसीत बसतो. जातीने नुसती कामं वाटली नाहीत, कामकरीच एकमेकांपासून तोडले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातपात तोडक मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात मांडलं. ते बघायला ग्रंथालयात जायला नको. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या दारात उभे राहा.

२०१० च्या कायद्याने दवाखान्यातल्या माणसावर हात टाकला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. बरोबर आहे, मार आम्हीच खातो. पण स्टोअरमध्ये इंजेक्शन नाही म्हणून माणूस मेला तर कैद कुणाला? त्याची पाटी कुठल्या भिंतीवर आहे?

ह्याच पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर उचलून यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तोच प्लेग त्यांना लागला, १० मार्चला गेल्या. त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे आज आपल्या दवाखान्यांना ठेकेदार नेमतात.

म्हणून वस्तीवस्तीतल्या पोरांनो, मामा-मावशीची कॉलर सोडा. २००५ चा माहिती अधिकार हातात घ्या. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, ठेक्यावर किती, ठेकेदाराला माणशी किती रुपये मिळतात, औषधांचा साठा किती, हे लेखी मागा. उत्तर आलं की ते दवाखान्याच्या गेटवर चिकटवा. त्या दिवशी आतला कामगार आणि बाहेरचा पेशंट एका बाजूला उभे राहिले पाहिजेत. मी आतून येतो. तुम्ही बाहेरून या.

जयभीम!