राग वाढतो म्हणे!



गेल्या रविवारी मी गाणं ऐकायला गेले. एकटी. पाचशे रुपयांचं तिकीट काढून. सोमवारच्या स्वाध्यायात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्या एक अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या वयात राग कमी करायचा की वाढवायचा गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री झोप आली नाही. तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. थोडं तिखट होईल, सांभाळून घ्या.

आधी काय ऐकलं ते सांगते. साठ-सत्तर माणसं मावतील एवढाच हॉल. पुढे गाद्या, मागे आमच्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या. गायला अश्विनीताई भिडे-देशपांडे. त्यांच्या आई माणिकताई मूळच्या आपल्या कोल्हापूरच्या, किशोरीताई आमोणकरांच्या शिष्या. अश्विनीताईंना मी कणीक मळता मळता तीस वर्षं ऐकत आले आहे. आधी कॅसेट, मग सीडी, आता फोन. मला वाटायचं, मी त्यांना ऐकलंय.

तर तसं नव्हतं. गाण्याआधी तानपुरे लागत होते तेव्हाच ते कळलं. जवारीवरचा दोरा केसभर सरकवला की तारेचा आवाज कसा उमलतो, ते मी तीन हातांवरून पाहिलं. खर्जाची तार छातीत वाजली. ही तार फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी गाण्याचा वरचा पापुद्राच ऐकत होते. मग भीमपलास सुरू झाला. विलंबितात दोन स्वरांच्या मधली शांतता ऐकू येत होती, घेतलेला श्वास ऐकू येत होता. सम आली की सगळ्या खोलीच्या माना एकदम हलायच्या, माझ्या शेजारच्या अनोळखी बाईची आणि माझीसुद्धा. मी बी.कॉम. १९८१ची, दर गोष्टीचा हिशेब मांडणारी बाई. दोन तास घड्याळाकडे पाहिलं नाही.

नातू म्हणतो, "आजी, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे." बाळा, फुकट आहे म्हणूनच मी ते कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ऐकते. आणि एक सांगते, हे कुणाला बोलले नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी जवळच्याच गावी किशोरीताईंचं गाणं होतं. तिकीट काढलेलं होतं. दुपारी पाहुणे आले, सहा माणसांचा स्वयंपाक पडला, सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं वाढायची होती. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी जा. ३ एप्रिल २०१७ ला किशोरीताई गेल्या. ते तिकीट बरेच दिवस माझ्या हिशेबाच्या वहीत होतं. खर्ची टाकायचं कुठल्या खात्यात, ते ठरेना.

आता अक्कांच्या प्रश्नाकडे येते. राग म्हणजे आसक्ती, ती सोडायची, हे मला मान्य आहे. आर्यिका माताजींनी गाण्याकडे पाठ फिरवली तर मी त्यांच्या पायाशी बसेन. पण आपण श्राविका आहोत. आपल्याला सांगितलंय ते भोगोपभोगपरिमाण. परिमाण म्हणजे मोजमाप. वर्षातून दोन बैठका, हे माझं मोजमाप. लग्नसराईत प्रत्येकी किती साड्या होतात, त्याचं मोजमाप कुणी कुणाला विचारलंय का? गेल्या वर्षी मंडळाची सहल झाली, त्यातल्या खरेदीवर एकही गाथा कुणी ऐकवली नाही.

आणि आवाजाचंच बोलायचं तर बोलूच. आपल्या मिरवणुकीत डीजे लागतो. खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं कान झाकून आतल्या खोलीत जाऊन बसतात, झाडावरची पाखरं भर दुपारी उडून जातात. सिनेमाच्या चालीवर भगवंतांचं नाव. त्यासाठी सवाल घेतले जातात, टाळ्या पडतात. तिथे राग वाढत नाही. एक बाई शांत बसून भीमपलास ऐकते, तिथे वाढतो. मला हे गणित जमत नाही. मला वाटतं, हरकत गाण्याला नाहीच. बाई कुणाला जेवायला न वाढता, कुणाचं नाव न लावता, स्वतःसाठी दोन तास कुठे जाऊन बसली, ही हरकत आहे.

अहो, पुराण तरी आठवा. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले, हे आपण पोरींना कौतुकाने सांगतो. त्याच आदिपुराणात त्यांनी वृषभसेनाला गांधर्वशास्त्र शिकवल्याचं आहे, म्हणजे गाणं-बजावणं. ते आपण गाळतो. आणि नीलांजना? पंचकल्याणकात दर वेळी पोरी ते नृत्य बसवतात. तिचं आयुष्य नाचता नाचताच सरलं. इंद्राने क्षणात तिच्याजागी दुसरी तशीच उभी केली. सभा बघतच राहिली, कुणाला काही कळलं नाही. कळलं ते फक्त ऋषभदेवांना, कारण ते खरोखर बघत होते. वैराग्य तिथे झालं, डोळ्यांसमोर चाललेल्या नृत्यात. आजची सभा असती तर आपण सगळ्या हात वर करून फोनवर ते घेत बसलो असतो, आणि नीलांजना बदलली हे घरी जाऊनही कळलं नसतं.

त्या दिवशी हॉलमध्येही एक गृहस्थ सतत फोन उंच धरून होते. त्यांच्यामागच्या बाईला निम्मं गाणं त्यांच्या स्क्रीनवरच बघावं लागलं. मी त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं, खाली घ्या. घेतला.

तबल्याला चामडं असतं, हा एक मुद्दा वहिनींनी काढला. तो मी हसण्यावारी नेणार नाही, तो खरा आहे, मलाही टोचतो. पण बस्तीतल्या ढोलकीला काय आहे, तेही मग त्याच बैठकीत विचारू. दोन्हीचा निर्णय एकदम होऊ दे.

आणखी एक, मोगूबाई कुर्डीकरांचं. पती गेले तेव्हा पदरात तीन लहान मुलं होती. त्या बाईने मुलं वाढवली आणि गाणंही सोडलं नाही. म्हणून किशोरीताई, म्हणून माणिकताई, म्हणून रविवारचा तो भीमपलास. त्यांनाही कुणीतरी 'आता कशाला' म्हटलंच असेल. आणि आपल्याला नुसतं ऐकायला जायचं, तर दहा जणांची परवानगी!

पुढची बैठक याच हॉलमध्ये, महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचला आहे. मध्यंतरात बटाटेवडे असतात, ते आपल्या कामाचे नाहीत, त्यामुळे साडेचारलाच जेवून निघायचं. मी तीन तिकिटं काढली आहेत. एक माझं. एक अक्कांसाठी, खुर्चीचं. तिसरं कुणाला हवं असेल तिने शनिवारपर्यंत सांगा.