आधी बयाना फेडा, मग भिंत बांधा

गेल्या महिनाभरात आपल्या डहाणू-तलासरीच्या चार-पाच ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "ज्यूंकडून शिका. देश गेला, मंदिर गेलं, तरी धर्म सोडला नाही. परत आले आणि सगळं नव्याने उभं केलं." गंमत म्हणजे हा मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आहे आणि प्रार्थनेच्या ग्रुपवरही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं इथे तरी एकमताने फॉरवर्ड करतायत.

शिकायला माझी हरकत नाही. पण अर्धी गोष्ट शिकू नका, पुरी वाचा.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि लोकांना धरून नेलं. पुढे इराणच्या कोरेश राजाने, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातल्या सायरसने, बाबेल जिंकलं. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास त्याने ज्यूंना परत जायची मुभा दिली. मग मंदिर पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर सत्तरेक वर्षांनी नहेम्या नावाचा ज्यू इराणच्या दरबारातून सुभेदार होऊन आला आणि त्याने शहराची पडलेली भिंत ५२ दिवसांत बांधून काढली.

परमुलखात दिवस काढणं हे काही एकट्या ज्यूंच्याच नशिबी आलं नाही. ज्या इराणने त्यांना मोकळं केलं, त्याच इराणमधून हजारावर वर्षांनी पारशी निघाले आणि आपल्या उंबरठ्यावर, संजाणला उतरले. संजाण पडलं तेव्हा घरदार सोडलं, पण अग्नी सोडला नाही. बारा वर्षं तो आपल्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत जपला, असं त्यांची परंपरा सांगते. तेव्हा घर गेल्यावर माणूस काय उचलून नेतो, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

आता मुद्द्यावर येतो. मेसेज मंदिर आणि भिंतीपाशी थांबतो. नहेम्याचं पुस्तक तिथे थांबत नाही. घरी बायबल असेल तर पाचवा अध्याय काढा.

भिंतीचं काम जोरात चाललंय. तेवढ्यात गरीब माणसं आणि त्यांच्या बायका ओरडा करत येतात. धान्यासाठी शेतं गहाण पडली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. मुलं-मुली गुलामीत द्यावी लागली, आणि सोडवून आणायला हातात काही नाही, कारण जमीन दुसऱ्याच्या ताब्यात. आणि हा दुसरा कोण? बाबेलचा नाही, इराणचा नाही. आपलाच भाऊबंद. त्याच देवाला हात जोडणारा, त्याच भिंतीचं काम अभिमानाने मिरवणारा.

नहेम्या काय म्हणाला? "आधी भिंत होऊ दे, मग बघू" असं नाही म्हणाला. "आत्ता फूट पाडू नका" असंही नाही. त्याने सभा बोलावली आणि बड्या लोकांना सगळ्यांसमोर विचारलं, की परक्यांच्या हातून सोडवून आणलेली आपली माणसं तुम्हीच परत विकणार का? शेतं, द्राक्षमळे, घरं परत करायला लावली. व्याज सोडायला लावलं, आणि धर्मगुरूंना बोलावून शपथ घेववली. आपणही उधारी दिली आहे हे त्याने लपवलं नाही. सुभेदाराचा भत्ता बारा वर्षं घेतला नाही.

त्यानंतर भिंत पुरी झाली. त्यानंतर एज्राने पाणवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं, आणि लोकांना कळेल असं समजावून सांगितलं. त्यानंतर मंडपांचा सण. क्रम बघा. कर्ज आधी, पोथी नंतर, सण त्याच्याही नंतर.

ही गोष्ट ओळखीची वाटत नाही? वाटायला पाहिजे. ती आपल्याकडे घडलेली आहे.

वारल्यांना कुणी बाबेलला नेलं नाही. ते होते तिथेच राहिले, जमीनच त्यांच्या हातून गेली आणि आपल्याच शिवारात ते कूळ झाले. वेठ आली, लग्नगडी आला. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याचे, जन्मभराचे. जरा विचार करा. ज्या लग्नात धवलेरी गाते, ज्या लग्नात भिंतीवर चौक लिहून त्यात पालघट बसवतात, तेच लग्न गुलामीचा कागद झालं होतं. यापेक्षा मोठी देवाची विटंबना कोणती?

२३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा सोबत होती. ठरलं ते साधं होतं. वेठ करायची नाही. रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. जबरदस्ती केली तर एकजुटीने उभं राहायचं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. पण वेठ मोडली आणि लग्नगड्याची पद्धतही मोडली.

गोदाताईंनी पुढे पुस्तक लिहिलं, त्याला नाव दिलं 'जेव्हा माणूस जागा होतो'. त्या कम्युनिस्ट होत्या, देवाधर्माचं बोलत नव्हत्या. तरी मला विचाराल तर या मातीत झालेलं सगळ्यात मोठं आध्यात्मिक नवजीवन तेच. मालकापुढे वाकलेला माणूस ताठ उभा राहिला. याला आणखी काय म्हणायचं?

आणि आज? दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. वसई, भिवंडी, गुजरात. वीटभट्टीवर. पावसाळ्यात कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या लग्नाला बयाना उचललेला असतो. तो फिटेपर्यंत नवरा, बायको आणि शाळेतून काढलेली पोरं विटा थापतात. हिशोब मालकाच्या वहीत. फिटला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. लग्नगड्याचं नाव बदललं, एवढंच. आणि हा बयाना वाटणारा मुकादम नेहमी बाहेरचा असतो का? पुष्कळदा आपल्याच पाड्यातला असतो. सप्त्याला वर्गणी देतो, नाहीतर प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसतो. त्याला कुणी विचारलंय?

वाढवण बंदर येतंय, बुलेट ट्रेन येतेय. जमिनीचा आणि समुद्राचा सौदा होतोय. अशा वेळी कर्जात बुडालेल्या माणसाचा अंगठा सगळ्यात आधी उठतो. म्हणून हा प्रश्न फक्त दयेचा नाही.

आता मेसेजमधली दुसरी लपलेली गोष्ट. "धर्म जपला" म्हणजे काय केलं? एज्राने परजातीच्या बायकांना मुलांसकट घालवून द्यायला लावलं, हेही त्याच बायबलमध्ये आहे. मला ते पटत नाही, आणि कुणी ते आपल्याकडे आणू नये. यात आपली मराठी माणसं होरपळली आहेत. कोकणातले बेने इस्रायली बघा. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी सिनेगॉग बांधलं, बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. मायभूमी म्हणून इस्रायलला गेले, तर १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांच्या पूर्वजांची चौकशी केल्याशिवाय लग्नं लावू नका! दोन हजार वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना विचारतात, तुम्ही खरे का? त्यांनी धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू आहेत हे मान्य झालं.

आज आपल्याकडे काय चाललंय? एक म्हणतो, चर्चला जाणाऱ्याला आदिवासींच्या यादीतून काढा. दुसरा म्हणतो, गावदेव आणि हिमाय म्हणजे सैतान. दोघंही खरा-खोटा आदिवासी निवडत बसलेत, आणि दोघांच्याही घरातली माणसं एकाच ट्रकने भट्टीवर चाललीत. मालक यादी बघत नाही. त्याला चारही हात सारखेच लागतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नहेम्याला सभा बोलवावी लागली, आपल्याकडे ती कायद्याने आहे. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासींना कर्ज देणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला दिलाय. आगाऊ रकमेपोटी माणूस अडकवणं हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. कागद आपल्या बाजूचा आहे. फक्त कुणी काढत नाही.

दिवाळीआधीच्या ग्रामसभेत एक ठराव आणा. पाड्यात कुणी किती बयाना घेतला, कुणाकडून, किती वर्षं फिटतोय, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वारलीत वाचा, म्हातारीलाही कळलं पाहिजे. भजनी मंडळाने आणि प्रार्थनामंडळाने एक बाकडं धरून शेजारी बसावं. मुकादम आपला असेल तर त्याला आधी उठवा आणि हिशोब मागा.

एवढं झालं की सभामंडप बांधा, चर्चचं छत घाला, वर्गणी मीही देईन. आणि तो ज्यूंचा मेसेज तेव्हा खुशाल पाठवा. सोबत पाचवा अध्याय जोडा.