पाट्याचे पोवाडे आणि मिक्सरचा दोष

दिवाळी अंक उघडला की एक लेख हमखास सापडतो. लेखक पन्नाशीपुढचे, विषय आजीचा पाटा-वरवंटा. नाहीतर आमच्या गोव्यातला रगडो. ओला नारळ, सुक्या मिरच्या, धणे यांचं ते लोण्यासारखं वाटप, बांगड्याच्या हुमणाचा तो रंग, आणि शेवटी ठरलेला सुस्कारा: मिक्सर आला आणि चव गेली!

मला या लेखांचा उबग आला आहे. त्यांत आजी असते, पण तिची कंबर कधी दुखत नाही. रगडो फिरवणारा हात असतो, खांदा नसतो. चवथीच्या दिवशी पंधरा-वीस माणसांच्या खतखत्याला नारळ वाटताना ती कितीला उठली होती, हे एकाही लेखकाला आठवत नाही. चव मात्र सगळ्यांना आठवते, कारण त्यांच्या वाट्याला तेवढीच आली होती.

चवीत फरक पडतो हे मी नाकारत नाही. दगड चिरडतो, घासतो. मिक्सरचं पातं कापतं. नारळ दगडाखाली चिरडला की त्याचं दूध आणि तेल सावकाश बाहेर येतं. मिक्सरची मोटर मोकळी फिरताना मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेते. त्या वेगात पाणी कमी पडलं की वाटप तापतं आणि नारळ तेलकट होतो. पण हा दोष यंत्राचा की ते न समजून घेणाऱ्यांचा?

मिरच्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. धणे-मिरे आधी कोरडेच फिरवून घ्या, नारळ मागाहून घाला. पाणी थंड, आणि थोडं थोडं. भांडं अर्ध्याहून फार वर भरू नका. वाटप थोडंच असेल तर चटणीचं लहान भांडं घ्या, कारण पातं बुडालं नाही तर ते नुसती हवा कापतं. सलग फिरवू नका. थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. तिरफळं वाटायची नसतातच, ती ठेचून वरून घालायची. एवढं केल्यावर जे हुमण होईल ते डोळे बांधून या लेखकमहाशयांना वाढा आणि ओळखायला सांगा!

ज्यांना दगडच हवा त्यांचा मार्गही मोकळा आहे. तामिळनाडूतल्या कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांनी दगडावर प्रेम केलं आणि त्याला मोटर लावली. आम्ही दगडावर प्रेम केलं आणि त्याला बाई लावली.

आणि मिक्सर परका, असं तरी कशाला म्हणायचं? परदेशी ब्लेंडर हा मुख्यतः पातळ पदार्थांचा. सुकं खोबरं, हळकुंड, भिजलेली डाळ त्याला झेपत नाही. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईतले इंजिनिअर. त्यांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे बंद पडला, तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल असा मिक्सर बनवला आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. तोच 'सुमीत'. पत्नी माधुरी यांची अडचण हे त्यामागचं कारण. म्हणजे हे यंत्र पाट्याचा शत्रू म्हणून आलेलंच नाही. पाट्यावर बसणाऱ्या बाईसाठी आलं.

पण दुकानात काय होतं? गृहस्थ पुढे होतात आणि विचारतात, "किती वॅटचा?" वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते त्याचा आकडा, वाटप किती बारीक होतं त्याचा नव्हे. चार-सहा माणसांच्या घराला ५०० ते ७५० वॅट पुरतात. विचारायचं ते वेगळंच. आयएस ४२५० हे भारतीय मानक आणि आयएसआयची खूण आहे का? भांडं जाड स्टीलचं आहे का, झाकण घट्ट बसतं का? सुटे भाग आणि दुरुस्ती म्हापशा-मडगावला मिळते की यंत्र बेळगावला पाठवावं लागतं? 'मोटरला पाच वर्षं' हे मोठ्या अक्षरात असतं. भांडी, कपलर, ब्रश त्यात धरलेत का, ते बारीक अक्षरात. वाचायचं ते बारीक अक्षर.

स्कूटरचं ऑईल कधी बदललं हे तारखेनिशी सांगणाऱ्या पुरुषाला मिक्सरचा कपलर कुठे असतो ते ठाऊक नसतं. भांड्याखालचं ते रबरी किंवा प्लास्टिकचं दातेरी चाक. मोटरीआधी ते तुटतं, आणि तेच बरं. ते स्वस्त असतं. भांड्याच्या बुडातून काळं पाणी झिरपलं की बुश गेला. ठिणग्या वाढल्या, जळका वास आला की कार्बन ब्रश बघायचे. मध्येच बंद पडला तर खालचं लाल बटण. भांडं थोडं रिकामं करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग ते दाबायचं. धुताना भांडं बेसिनमध्ये तासन् तास भिजत टाकायचं नाही. पाणी बुशात शिरतं. थोडं पाणी आणि साबणाचा थेंब घालून फिरवा, विसळा, उपडं वाळवा. आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच.

एवढं करूनही दुकानदार म्हणतोच, "बाई, दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या." त्याला दुरुस्तीचा हक्क आठवून द्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं आहे आणि घरगुती उपकरणं त्यात येतात.

सकाळी साडेसातची बस गाठणाऱ्या माझ्यासारख्या कारकून बाईला मिक्सरने रोजचा अर्धा-पाऊण तास दिला आहे. कोणी त्याला संस्कृतीचा ऱ्हास म्हणत असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे: पाटा अजून बाजारात मिळतो. आणा, टाकी लावून घ्या, आणि उद्याच्या हुमणाचं वाटप तुम्ही स्वतः वाटा. सलग महिनाभर.

त्यानंतर लिहिलेला लेख मी आवडीने वाचीन.