परक्या नद्यांचा अभियंता

हॉलंडच्या झीलंड प्रांतात, बांधबंदिस्तीवर राबणाऱ्या एका कष्टकऱ्याच्या घरी १८४२ साली योहानिस द राइके यांचा जन्म झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पाणी, गाळ आणि दगड यांचा हिशेब ते प्रत्यक्ष कामावरच शिकले. १८७३ मध्ये जपान सरकारच्या निमंत्रणावरून ते कुटुंबासह तेथे गेले. त्याच वर्षी आलेले जॉर्ज एशर पदवीधर, म्हणून वरच्या श्रेणीचे. द राइके चौथ्या श्रेणीचे. (प्रख्यात चित्रकार एम. सी. एशर हे याच जॉर्ज एशर यांचे पुत्र.)

पहिले काम ओसाकाचे. पिढ्यान्‌पिढ्यांची ही व्यापारी पेठ. परंतु योदो नदीच्या गाळाने तिचे मुख इतके उथळ झाले होते, की मोठी जहाजे शेजारच्या कोबे बंदराकडे वळत. बंदर बुजले की पेढ्या ओस पडू लागतात, हे व्यापारी घराण्यांस सांगावयास नको. नुसता गाळ उपसत राहणे म्हणजे मुद्दल तसेच ठेवून व्याज फेडीत बसणे! द राइके गाळाच्या उगमापर्यंत गेले. वरच्या खोऱ्यातील डोंगर वृक्षतोडीने बोडके झाले होते. तेथे झाडे लावणे, ओढ्यांवर छोटे बांध घालणे हाही बंदराच्याच कामाचा भाग आहे, असे त्यांनी मांडले. नदीपात्रात त्यांनी मायदेशाची जुनी रीत आणली. झुडपांच्या फांद्या बांधून मोठमोठ्या चटया विणावयाच्या आणि वर दगड रचून त्या तळाशी बुडवावयाच्या. एशर यांनी आखलेला मिकुनी बंदराचा लाटरोधक बांधही पुढे द राइके यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला.

एशर १८७८ मध्ये स्वदेशी परतले. द राइके मागे राहिले आणि मित्राला पत्रे लिहीत राहिले. त्यांच्या जपानमधील आयुष्याची बरीचशी माहिती या पत्रांतूनच मिळते. १८८१ मध्ये त्यांच्या पत्नीचे जपानमध्येच निधन झाले. परका मुलुख, आईविना मुले आणि अर्ध्यावर आलेली कामे! करार मोडून परतले असते, तरी कोणी बोल लावला नसता. ते थांबले. पुढे रजेवर मायदेशी जाऊन त्यांनी दुसरा विवाह केला आणि पुन्हा जपान गाठले. त्या मुलांनी काय सोसले असेल, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नसते.

त्यांचे सर्वांत मोठे काम किसो, नागारा आणि इबी या तीन नद्यांचे. मुखापाशी त्या एकमेकींत मिसळत आणि महापूर आणीत. तेथील गावे सभोवार बांध घालून वसलेली; घरांमागे उंच जोत्यावर धान्यकोठी आणि पुरासाठी टांगून ठेवलेली होडी. तिन्ही प्रवाह विलग करण्याची योजना द राइके यांनी आखली आणि १८८७ मध्ये काम सुरू झाले.

चौथ्या श्रेणीत आलेला हा माणूस उपमंत्र्याच्या तोडीच्या मानाला पोहोचला आणि तीस वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याने जपान सोडले. तरीही विश्रांती नव्हती. १९०६ पासून शांघायच्या ह्वांगपू नदीचा जलमार्ग मोकळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

किसोचे काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. पुढच्याच जानेवारीत ॲमस्टरडॅम येथे द राइके यांनी देह ठेवला. किसोकाठी, जुन्या जलद्वाराजवळ, त्यांचा पुतळा आज उभा आहे.