भिंतीवरची चित्रे आणि सामान्यांची अभिरुची

घोडेगावचे नाव जिल्ह्याबाहेर पोचले ते जनावरांच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या लिलावामुळे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव लागते, आणि शनिशिंगणापूरकडे वळणारा फाटा येथेच आहे. चित्रकलेचा विचार करण्यासाठी या गावात थांबावे असे कोणाला सुचणार नाही. परंतु सामान्य मराठी माणसाला कोणते चित्र आवडते आणि का आवडते, हा प्रश्न विचारावयाचा तर तो मुंबईच्या कलादालनात विचारून काय उपयोग? तेथे येणारा माणूस आवडनिवड ठरवूनच आलेला असतो. घोडेगावसारख्या बाजारपेठेच्या गावी आडतीच्या गाळ्यात, केशकर्तनालयात, चहाच्या हॉटेलात, शाळेच्या कार्यालयात जी चित्रे टांगलेली दिसतात ती कोणाला दाखविण्यासाठी नसतात. रोज डोळ्यांसमोर असावीत एवढ्याचसाठी ती लावलेली असतात.

या परिसराची एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. शिंगणापूरचा देव म्हणजे उघड्यावर उभी असलेली काळी शिळा. तिला मूर्तीचा आकार नाही, चेहरा नाही. परंतु त्या निराकार शिळेचीही छायाचित्रे चौकटीत बसवून विकली जातात आणि भाविक ती श्रद्धेने घरी नेतात. तिकडे नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, त्या प्रसंगाचे चित्र पाहून काढलेले असणे शक्यच नाही. ते सारे चित्रकारांच्या कल्पनेतून उतरले. तरीही ज्ञानेश्वर म्हटल्याबरोबर मराठी माणसाच्या मनात एक निश्चित मुद्रा उभी राहते. चित्राची भूक ही अशी आहे. ज्याला रूप नाही त्यालाही ती रूप देते.

परंतु भिंतीवरच्या एखाद्या चित्राकडे बोट दाखवून, हे का आवडते, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : छान आहे. शिक्षकाचे उत्तर याहून निराळे नसते आणि पदवीधर कारकुनाचेही नसते. याचा दोष त्यांच्या बुद्धीला देणे अन्यायाचे होईल. त्यांना आजवर कोणी हे विचारलेलेच नाही. उलट, तुमची आवड ही आवडच नव्हे, असे मात्र पुष्कळदा ऐकविले आहे.

राजा रविवर्मा यांचे उदाहरण या दृष्टीने मुद्दाम पाहावे असे आहे. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात अडकलेली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला या छापखान्यामुळे खेड्यातल्या देवघरापर्यंत आली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर एका अतिदुर्मिळ वस्तूचा पुरवठा अकस्मात वाढला आणि तिची किंमत सामान्यांच्या आटोक्यात उतरली. रविवर्म्याच्या अनेक नायिका मराठी धाटणीच्या लुगड्यात आहेत, हेही येथील घरांना त्या आपल्याशा वाटण्याचे एक कारण असावे. पुढे आनंद कुमारस्वामींसारख्या विद्वानांनी या चित्रांना नाटकी ठरविले आणि नवकलेच्या कैवाऱ्यांनी तो निकाल अंतिम मानला. टीका सर्वस्वी चुकीची होती असे नव्हे. त्या देवता रंगभूमीवर उभ्या राहिल्यासारख्या दिसतात, हे खरेच आहे. पण ज्या घरात त्या आधी कोणतेच चित्र नव्हते, त्या घरातील बाईने पहिल्यांदा रंगीत साडीची चुणी आणि हातावर पडलेला प्रकाश निरखून पाहिला, तेव्हा तिच्या नजरेत काय बदल झाला, याचा हिशेब समीक्षेच्या कोणत्या ग्रंथात मांडला आहे?

दुसरे उदाहरण सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीचे. १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्याच्या प्रतिकृती घरोघरी आहेत आणि पुष्कळ लोक ते खुशाल रविवर्म्याचे म्हणून सांगतात. चित्रकाराचे नाव हरवावे आणि चित्र मात्र उरावे, हे भाग्य म्हणावे की अन्याय, याचा निर्णय करणे कठीण आहे. चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती. २०१८ साली कोल्हापुरात तिचे निधन झाले तेव्हा तिचे वय शंभरीपलीकडे गेले होते. चित्रातील तरुणी मात्र आहे तेथेच, हातात समई घेऊन उभी आहे.

हे चित्र का आवडते याचा थोडा शोध घेतला तर 'छान आहे' या उत्तराच्या मागे किती गोष्टी दडलेल्या असतात ते कळते. तरुणीने एका हाताने ज्योतीवर आडोसा धरला आहे. त्या हाताच्या बोटांतून प्रकाश झिरपतो. बोटांच्या कडा तांबूस दिसतात. चेहऱ्यावर खालून उजेड पडला आहे आणि मागे अंधार आहे. वाऱ्यापासून दिवा जपत ओसरीवरून चालत जाणे हा अनुभव ज्या पिढीने घेतला, तिला या चित्रात चित्र नव्हे, आठवण दिसते. विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या विद्यार्थ्याला ती आठवण नाही. तरी त्यालाही चित्र धरून ठेवते. त्याला कदाचित त्या चेहऱ्यावरची एकाग्रता भावत असेल. आणि हे सारे जलरंगात साधले आहे, हे सांगितले की पाहणारा पुन्हा मागे वळून चित्रापाशी जातो. जलरंगात चूक पुसता येत नाही. कागदाचा पांढरेपणा राखूनच उजेड निर्माण करावा लागतो. एवढी माहिती मिळाल्याने आवड कमी होत नाही. तिला आधार मिळतो.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत शिकविताना भाकरीचे उदाहरण हमखास येते : पहिल्या भाकरीपेक्षा दुसरीपासून मिळणारे समाधान कमी, तिसरीपासून त्याहून कमी. त्याच पाठात कलाकृतींचा उल्लेख अपवाद म्हणून उरकला जातो आणि वर्ग पुढे सरकतो. वस्तुतः थांबावयास हवे ते तेथे. भिंतीवरचे चांगले चित्र शंभराव्यांदा पाहताना अधिक देते, आणि सुमार चित्र आठ दिवसांत दिसेनासे होते. हा भेद पारखण्याची साधी कसोटी प्रत्येक घरात उपलब्ध आहे. ती वापरली जात नाही एवढेच.

छायाचित्रांची गोष्ट काहीशी निराळी आहे. नारायण विनायक विरकर या मराठी छायाचित्रकाराने १९१९ च्या हत्याकांडानंतर अमृतसरला जाऊन जालियनवाला बागेची छायाचित्रे घेतली. त्यांत प्रेते नाहीत, रक्त नाही; भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. आजच्या विद्यार्थ्यापुढे ते छायाचित्र ठेवले तर प्रथम तो चुकचुकणारही नाही. मग तो खुणा मोजू लागतो, आणि मोजता मोजता गप्प होतो. 'आवडले' हा शब्द येथे अपुरा पडतो. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात घेतलेल्या गांधीजींच्या छायाचित्रात चरखा पुढे, मोठा, आणि गांधीजी मागे, वाचनात गढलेले आहेत. ज्याला आयुष्यभर साधन म्हटले ते साधनच दृश्यात अग्रभागी आले. कोणत्याही व्याख्यानाविना अर्थकारणाची एक भूमिका त्या चौकटीत सांगितली गेली आहे, आणि म्हणूनच ते अर्थशास्त्राच्या वर्गात लावण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप हटकून येईल. कांद्याला भाव मिळत नाही, पोराला नोकरी नाही, अशा घरात चित्राची चर्चा कशाला? आक्षेप मनापासूनचा आहे, पण त्यातील गृहीतक चुकीचे आहे. गरिबाच्या भिंतीवर चित्र नसते, असे तो धरून चालतो. असते, अगदी पत्र्याच्या खोलीतही असते. खर्च होऊन गेलेला आहे. प्रश्न अधिक पैशाचा नसून पाहण्याचा आहे. आणि पाहणाऱ्याने आपल्या आवडीचे कारण स्वतः शोधले नाही, तर ते कारण त्याला दुसरे पुरवितात : खतविक्रेता, निवडणुकीचा फलक, हातातल्या दूरध्वनीवर अखंड वाहणारी प्रतिमांची गर्दी. देवाचे कालपर्यंतचे सौम्य रूप आज उग्र होऊन दारावर लागले तर ते कोणी बदलले आणि का, असे विचारण्याची सवय ज्या नजरेला नाही, ती नजर सहज हाकता येते.

शाळांनी ही सवय लावावयाची, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास गणिताला उसना देण्याची रीत जुनी आहे. शासकीय रेखाकला परीक्षेच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थींचे महत्त्व वाढले, ही समाधानाची बाब; पण स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती यांच्या तयारीत दुसऱ्याने काढलेले चित्र पाहण्याला जागा उरत नाही. लिहावयास शिकविले आणि वाचावयास शिकविलेच नाही, असा हा प्रकार झाला.

मूळ चित्रे दूर आहेत, ही अडचण खरी. सातारा जिल्ह्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले, तेथे रविवर्म्याचे मूळ काम पाहता येते. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे, तरी राजाला हे सुचले. सहली तेवढ्या समुद्रकिनारी आणि जलक्रीडागृहांकडे जातात.

आणखी एक नुकसान गावोगाव चालू आहे. जुने माळवद पाडून स्लॅबचे घर होते. भिंतींना टाइल लागते आणि खिळा ठोकावयास कोणी तयार नसते. मग आजोबांचे कोट-टोपीतले छायाचित्र, शाळेच्या गॅदरिंगचा समूह-फोटो, १९७२ च्या दुष्काळातील कामावरचा एखादा धूसर कागद हे सारे पोटमाळ्यावर आणि तेथून भंगारात जाते. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा ज्या वर्षी या जिल्ह्याने पाहिल्या, त्या वर्षाचे स्थानिक चित्र उद्या शोधूनही मिळणार नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. तो कोणासाठी झाला हे दाखविणारा चेहरा मात्र गावाने जपला नाही. 'कालनिर्णय' १९७३ पासून घरोघरी गेले तेव्हा चित्राच्या कॅलेंडराची जागा तिथी, भरण्या आणि दुधाच्या हिशेबाने घेतली. उपयुक्ततेपुढे चित्राने हार खाल्ली, त्यालाही अर्धशतक उलटले.

यावर उपाय खर्चाचा नाही. राज्यात १९६७ च्या कायद्यानुसार अनुदान घेणारी 'ड' वर्गापर्यंतची ग्रंथालये खेड्यांतही आहेत. वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ महिन्याला एक चांगली प्रतिकृती किंवा गावातल्याच एखाद्या घरचे जुने छायाचित्र लावावे, खाली एक वही आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवावी, आणि वाचकाने चित्र का आवडले वा का आवडले नाही ते दोन ओळींत लिहावे. 'छान आहे' एवढेच लिहिणाऱ्यास ग्रंथपालाने हसू नये. पुढच्या महिन्यात तिसरी ओळ मागावी. आडतीवर बसणाऱ्या मुनिमाला कांद्याची प्रत एका नजरेत ओळखता येते, आणि का, ते तो घटकाभर सांगू शकतो. डोक्यावरच्या लक्ष्मीविषयी त्याला अजून कोणी विचारलेले नाही.