मोठ्यांची चढाओढ आणि आपली दुकानदारी

व्यापारी बंधूंनो, परराष्ट्र धोरण हा दिल्लीच्या साहेबांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे बाजारात नेहमी ऐकू येते. आम्हास हे मान्य नाही. मुंबई-कलकत्ता हमरस्ता आमच्या कारध्याला वैनगंगा ओलांडतो. सरहद्दीवर फाटक लागले की त्याची झळ या रस्त्यावरच्या कापडबाजारालाही लागते.

शेजारी देशांत वजन कोणाचे, यावरून भारत व चीन यांची चढाओढ आहे. श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर 2017 साली 99 वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. 2022 साली त्याच देशाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली. बांगलादेशात ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना यांचे सरकार गेले आणि मार्च 2025 मध्ये मुहम्मद युनूस बीजिंगला जाऊन आले.

पुढचा हिशेब सुताच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. 8 एप्रिल 2025 रोजी भारताने बांगलादेशी माल आपल्या बंदरांतून व विमानतळांवरून परदेशी नेण्याची सवलत काढली. आठवड्याभरात ढाक्याने भारतीय सूत खुष्कीच्या मार्गाने घेणे बंद केले. 17 मे रोजी भारताने तिकडचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा व कलकत्ता या बंदरांतूनच येतील असा हुकूम काढला. कारणे दोन्हीकडे होती. पण ट्रकने जाणारा माल जहाजावर चढवायचा म्हणजे भाडे वाढले, दिवस वाढले, भांडवल अडकले. हा खर्च कोणत्याही दरबाराने भरून दिला नाही.

हे आजचे नाही. 1803 च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना बालासोरसह कटक प्रांत कंपनी सरकारला द्यावा लागला. सही राजाची झाली, समुद्रकिनारा मात्र सगळ्या मुलखाचा गेला.

मुलखाच्या हितासाठी सरकारला कधी कठोर व्हावे लागते, हे आम्ही जाणतो. पण बंदीपूर्वी मुदत द्यावी, वाटेतल्या मालाला सूट द्यावी आणि व्यापारी-कारागिरांना विचारावे, एवढे मागण्याचा आपला हक्क आहे. आपणही एकाच पेठेवर विसंबू नये. सौदा करतानाच, बंदी आली तर नुकसान कोणी सोसायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. मोहाडी-आंधळगावचा कोसा विणणाऱ्यापासून सुताच्या ठोक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांनी वर्तमानपत्राचे परदेशाचे पान बाजारभावाइतक्याच लक्षपूर्वक वाचावे. उद्याचा भाव तेथेच ठरत असतो.